पडद्याआडचा भिडू

फेनी रुमेंगाननं चौकटची चौकी टेबलावर ठेवली तेव्हा तिच्या मनात काहीही नव्हतं. नंतर आठवडाभर ती याच एका गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येत राहिली. एरवी पहिलं पान टाकायची पाळी आली की कुठूनतरी एक खात्री यायची, पोटातून वर चढल्यासारखी, आणि हात आपोआप त्या पानाकडे जायचा. त्या शनिवारी दुपारी हात गेला तो नुसता सवयीनं. चार पानांचा रंग, त्यातलं चौथं पान. कुठल्याही शिकाऊ खेळाडूनं हेच टाकलं असतं. शेजारी बसलेल्या ग्रेसियानं दहा हात भराभर गोळा केले, आणि डाव पुढे सरकला तशी फेनीच्या भिडूची, बेर्तीची, पानं एकेक करून बाहेर पडत गेली: इस्पिकचा राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी. वर किलवरचा एक्का. फेनीकडे इस्पिकची तीन फुटकळ पानं होती. त्यातलं कुठलंही एक आधी टाकलं असतं तर ग्रेसियाची तीन बिनहुकमीची बोली, म्हणजे हुकमाशिवाय नऊ हात करायची पैज, तिथंच बुडाली असती.

"तान्ते, कुणीही चौकटच टाकली असती," ग्रेसिया म्हणाली. पोरगी सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला, खेळायला हुशार आणि बोलायला सरळ; फेनीला तान्ते, म्हणजे मावशी, म्हणायची. "पण एक विचारू? रागावू नका हं. पान टाकायच्या आधी तुम्ही समोर काय बघत होता? समोर तर पडदाच आहे."

मनाडोतल्या सारिओ भागातल्या ब्रिज क्लबात तो पडदा त्या दिवशी पहिल्यांदाच आला होता. लाकडी चौकट, तिच्यावर हिरवं कापड, टेबलाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपा उभा. भिडूला भिडू दिसू नये म्हणून. आपल्या बाजूला प्रतिस्पर्ध्यांपैकी एक जण, पलीकडे आपला भिडू आणि त्यांचा दुसरा. बोली तोंडानं बोलायची नाही; बोलीची कार्डं ट्रेवर ठेवायची आणि ट्रे पडद्याखालून सरकवायचा. पहिलं पान पडलं की खालची एवढीशी खिडकी उघडते, तिच्यातून टेबल दिसतं, पानं टाकणारी बोटं दिसतात, चेहरा नाही. जकार्ताला मोठ्या स्पर्धा कित्येक वर्षं अशाच होतात. प्रांताची निवडही आता अशीच होणार, असं या वर्षी ठरलं होतं, आणि सुताराकडून घाईघाईनं पडदे करून घेतले होते. त्यांना अजून व्हार्निशचा वास येत होता.

"सवय असते गं," फेनी हसून म्हणाली. पण ग्रेसिया खरं बोलत होती. ती समोर बघत होती. हिरव्या कापडाच्या एका ठरावीक जागेकडे, छातीच्या उंचीवर, जरा डावीकडे. तिथं ती काहीतरी शोधत होती.

पुढचे डावही तसेच गेले. वाईट खेळली असं कुणी म्हटलं नसतं. इतर कुणीही खेळेल तशीच खेळली, आणि तेच तर खटकत होतं. चौदा जोड्यांत अकरावा नंबर. क्लबाचे प्रमुख ओम उतू, जुने वकील आणि ग्रेसियाचे भिडू, निकालाचा कागद भिंतीवर चिकटवताना मोठ्यानं म्हणाले, "काय हो बेर्ती, आज सुईणीच्या हाताला काय झालं?" बेर्तीनं खांदे उडवले, छत्री घेतली, आणि फेनीकडे न बघता म्हणाला, "उकाडा फार आहे." तो नेहमी जिन्यापर्यंत थांबायचा. त्या दिवशी थांबला नाही.

सुईणीचा हात. हे नाव तिला क्लबानं दिलं होतं आणि तिला ते मुळीच आवडायचं नाही. चौतीस वर्षं तिनं बाळंतपणं केली होती. पोटावर हात ठेवला की बाळाचं डोकं कुठं, पाय कुठं, नाळ कशी, हे बोटांना आधी कळायचं आणि डोक्याला मागून. बाकीच्या नर्सेस कौतुक करायच्या. फेनीला आतून लाज वाटायची. आपण गाईम्हशींसारख्या अंगानं जाणतो, विचार करून नाही, असं वाटायचं. तिला गणित शिकवायचं होतं. तिच्या डोंगरातल्या गावी लवंगांच्या हंगामात अंगणभर चटया पसरून लवंगा वाळत घालायचे, आणि ढग आला तर गोळा करायला कुणीतरी बसून राहावं लागायचं. वडील, काका आणि थोरला भाऊ असे तिघं बसायचे आणि चौथा नसला की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. ब्रिजला चार लागतात. अकराव्या वर्षी तिला चौथी म्हणून बसवलं. लवंगांच्या त्या तिखट वासात, नाक चुरचुरत असताना, वडिलांनी सांगितलं, "बावन्न पानं. तेरा तुझी, तेरा समोर उघडी. उरली सव्वीस. ती कुठं आहेत हे शोधायचं. कुणी काय बोललं, कुणी काय बोललं नाही, यावरून." पहिल्याच दुपारी तिनं एक राणी नेमकी कुठं आहे ते विचार करून ओळखलं, आणि ती राणी खरंच तिथं निघाली. त्या क्षणी डोक्यात दिवा लागल्यासारखं झालं ते तिला अजून आठवत होतं. नशिबाचा भागच नाही. क्लबात तर तोच डाव, तीच पानं सगळ्या टेबलांवर फिरतात; चांगली पानं आली म्हणून कुणी जिंकत नाही. नशीब दाराबाहेर चपलांपाशी काढून ठेवायचं. आठवडाभर रक्त, पाणी, किंकाळ्या, आणि शनिवारी दुपारी चार तास फक्त बुद्धी. तिथं तिला अंग नव्हतं. म्हणून तर जात होती ती, एकतीस वर्षं, ताप असला तरी.

आणि बेर्ती. बेर्ती मोंगदोंग जमीनमोजणी खात्यात होता, कमी बोलणारा, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. भिडू म्हणून बसले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, तो पस्तीस. दोघांच्यात वेडंवाकडं काही कधी नव्हतं. मनाडोसारख्या गावात असतं तर दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये कळलं असतं. पण दोघं सहा वेळा प्रांतात पहिले आले होते, आणि लोक म्हणायचे, हे दोघं न बोलता एकमेकांना समजतात. हे वाक्य ती गळ्यातल्या क्रूसासारखं मिरवत आली होती. घरी दोल्फी होता, तिचा नवरा, बोटीवरचा इंजिनियर, आता निवृत्त. दिवसभर बोलणारा, आणि इतक्या बोलण्यातूनही दोघांना एकमेकांचं काही म्हणता काही समजलेलं नव्हतं. तिथं शब्दांचा ढीग आणि समज नाही. इथं शब्दांवर बंदी आणि सगळी समज. कारण ब्रिजमध्ये भिडूशी बोलायचं ते फक्त बोलीतून आणि पानांतून. डोळा, सुस्कारा, भुवई, काही चालत नाही. भिडूच्या चेहऱ्यावरून काही उचलणं म्हणजे चोरी.

घरी जाताना मिक्रोलेटमध्ये, त्या निळ्या प्रवासी गाडीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असताना, तिला ती जागा दिसली. हिरव्या कापडावरची नव्हे, त्याच्यामागची. बेर्तीचा डावा हात. तेरा पानांचा पंखा, आणि त्यावर अंगठा. रुंद नखाचा, मधोमध एक उभी रेघ असलेला. तिला त्या नखावरची रेघ इतकी स्पष्ट दिसली की तिनं शेजारणीचं गुडघ्याला लागलेलं टोपलं धरलं. नवऱ्याच्या अंगठ्याचं नख कसं आहे ते तिला सांगता आलं नसतं.

"हरलीस?" दोल्फीनं दारातच विचारलं. पंखा उघडून त्याचे भाग त्यानं जमिनीवर मांडले होते. "चेहरा बघ. मी सांगत होतो, या वयात डोकं थकतं. माझ्याबरोबर मासे धरायला चल."

"दोल्फी, हात धू आणि इकडे बस."

"आता काय केलं मी?"

तिनं त्याला तेरा पानं दिली. म्हणाली, नीट लाव, धर, आणि गप्प बस. ती समोर बसून बघत राहिली. अडतीस वर्षं याच्या शेजारी झोपले, तिला वाटलं, आणि हा माणूस पानं धरून बसलाय तर मला भिंत दिसते. "किलवर," ती म्हणाली. दोल्फीनं पानं टाकली. किलवरचं एकच होतं.

"हा काय खेळ आहे?" तो म्हणाला. "मला पंख्याचा स्क्रू सापडत नाहीये, त्याचं बघ."

तिला थोडं बरं वाटलं. म्हणजे हात बघून आपल्याला पानं कळत नाहीत. म्हणजे ती बुद्धीच होती. पण बरं वाटणं गादीवर पडेपर्यंतही टिकलं नाही. डोळे मिटले की जुने डाव येऊ लागले. खेळणाऱ्यांना डाव आठवतात, वीस वीस वर्षांपूर्वीचे. ती एकेक डाव घेऊन विचारत गेली: बदामची दुर्री मी का टाकली? काय तर्क होता? आणि प्रत्येक वेळी तिला पान आठवत होतं, टाळ्या आठवत होत्या, तर्क आठवत नव्हता. तर्क तिनं नंतर सांगितला होता, लोकांनी विचारल्यावर. हुशारीनं, पटेल असा. सगळे माना डोलवायचे. बेर्ती नाही. बेर्ती पानं गोळा करत असायचा.

रविवारी चर्च सुटल्यावर ती घरी गेलीच नाही. चर्चच्याच कपड्यांत बेर्तीच्या गावची, डोंगरावरच्या तोमोहोनची गाडी धरली. वर हवा गार होती, बागांमधून तोडलेल्या फुलांच्या बादल्या रस्त्याकडेला होत्या. बेर्ती व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होता. तिला बघून त्यानं ते घडी घालून ठेवलं. इतक्या व्यवस्थित, की याला माहीत होतं मी येणार, हे तिला फाटकातच कळलं. आणि हेही असंच, नुसतं बघून कळलं होतं.

बेर्तीची बायको नेल्चे आतून ओरडली, "फेनी का गं? बस बस. केळी तळते. रोआ मासळीची चटणी केलीय, तुला आवडते तशी."

फेनीनं पर्समधून पत्त्यांचा जोड काढला. पिसला. बेर्तीपुढे तेरा पानं मोजून ठेवली.

"धर. नेहमीसारखी. बोलू नकोस."

"फेन, कशाला आता?"

"धर."

त्यानं पानं उचलली, लावली, पंखा केला. तिनं बघितलं. "इस्पिक," ती म्हणाली. त्यानं पानं खाली ठेवली. इस्पिकची पाच. तिनं पुन्हा वाटली. बदाम. बदामची सहा. पुन्हा. चौकट. अंगठा पंख्यावरून चालत जायचा आणि सगळ्यात लांब रंगावर जाऊन टेकायचा, दमलेला माणूस ओट्यावर टेकतो तसा. त्या रंगात राजाराणी असली की नखाची कड पांढरी व्हायची. आठ वेळा वाटली. सात वेळा बरोबर आलं. आठव्या वेळी त्याच्याकडे दोन रंग सारखेच लांब होते, आणि अंगठा दोन्हींच्या मधे, अधांतरी थांबला होता.

फेनीनं उरलेला जोड खाली ठेवला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

बेर्तीनं पानं गोळा करून त्यांचे काठ जुळवले. "दुसऱ्याच वर्षी," तो म्हणाला. "शंका आली म्हणून एकदा अंगठा मुद्दाम चुकीच्या जागी ठेवला. तू चुकीचं पान टाकलंस. मला इतकी भीती वाटली, फेन, की परत तसं केलं नाही."

"परत म्हणजे? मग काय केलंस?"

"काहीच नाही. जाईल तिथं जाऊ दिला."

"एकोणतीस वर्षं?"

"मी कधी खूण केली नाही. देवाशपथ. मी फक्त आवरलं नाही."

"मला सांगायचं!"

"सांगितलं असतं तर मग ती खूण झाली असती. तुला माहीत झाल्यावर तू एक डावसुद्धा खेळली नसतीस. तू तशी आहेस." मग तो खाली बघून म्हणाला, "आणि मला, म्हणजे, माझ्याकडे असं कुणी बघत नाही. मोजणीच्या साखळीकडे बघतात तसं बघतात लोक माझ्याकडे. शनिवारी तू बघायचीस. मला वाटायचं, एवढं चालेल देवाला."

तिला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. यातलं आधी काय वाटलं ते सांगता आलं नसतं. तेवढ्यात नेल्चे ताट घेऊन आली, गरम केळी आणि लाल चटणी, आणि तिचं बोलणं आतूनच सुरू झालं होतं. "ओम उतूच्या बायकोचा फोन आला होता. पडदे लावले म्हणे क्लबात. जकार्तासारखे. मी म्हटलं, बघा, आम्ही जकार्ताला गेलो नाही, तर जकार्ताच आलं इकडे!"

फेनीनं मान वर केली. राष्ट्रीय स्पर्धा असली की त्या वर्षी प्रांतात पहिले आलेल्यांना जकार्ताला पाठवत. त्यांना दोनदा बोलावणं आलं होतं. एकदा बावीस वर्षांपूर्वी, एकदा चौदा. दोन्ही वेळा जायचं रद्द झालं. दुसऱ्या वेळी तर तिनं रजा मंजूर करून घेतली होती, पांढरा ब्लाऊज शिवला होता, आणि तो ब्लाऊज पुढे कुणाच्या तरी मयताला घातला. तिनं तक्रार केली नव्हती. नेल्चेच्या आजारापुढे काय बोलणार?

"तुझं तेव्हा ऑपरेशन होतं ना, नेल्चे," ती म्हणाली. आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "आणि त्याआधी ती कावीळ."

"माझं ऑपरेशन?" नेल्चे हसली. "अगं, माझ्या अंगावर सुरीचा ओरखडा नाही. तीन पोरं तुझ्याच हातावर झाली, तुला ठाऊक नाही? कावीळ कुठली? मी तर नवी पेटी आणली होती, माझ्या बहिणीला कळवलं होतं विमानतळावर ये म्हणून. हाच म्हणाला, फेनीला रजा मिळत नाहीये. दोन्ही वेळा. मी तुझ्या हॉस्पिटलला काय शिव्या घातल्या तेव्हा!"

नेल्चेचं हसू हळूहळू उतरलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं, फेनीकडे बघितलं, पत्त्यांकडे बघितलं. "केळी गार होतायत," ती म्हणाली, आणि तिथंच, ताटाशेजारी, खाली बसली.

जकार्ताला पडदे होते. बेर्तीला ते ठाऊक होतं. पडद्याआड फेनी रुमेंगान ही कुणीच नाही, हेही ठाऊक होतं. त्यानं तिला तिथं नेलं नाही, दोनदा, आणि दोन बायकांना दोन कारणं वाटून दिली, एकीला आजार, दुसरीला रजा, पानं वाटावी तशी. फेनी उठली. तिला एकदम स्वच्छ दिसलं की एकतीस वर्षांत तिनं या माणसाच्या अंगठ्यावरून बावन्न पानं वाचली होती आणि बाकी काही म्हणजे काहीच वाचलं नव्हतं. समोर बसून तो एवढं खोटं बोलला. तेव्हा त्याचा अंगठा कुठं होता? तिनं बघितलंच नव्हतं. हातात पानं नव्हती ना.

"मला वाईट वाटलं असतं म्हणून?" तिनं फाटकापाशी विचारलं. तो मागोमाग आला होता.

"तुला कळलं असतं म्हणून," बेर्ती म्हणाला. "मग तू आली नसतीस शनिवारी."

आठवडाभर ती कुणाशी धड बोलली नाही. दोल्फीनं पंखा जोडला, तो चालू झाला, तिनं बघितलंसुद्धा नाही. ती निवडीतून नाव काढून घेणार होती. शुक्रवारी ओम उतूंना फोन लावायला बसली, नंबर फिरवला, आणि ते "हॅलो, हॅलो" म्हणत असताना ठेवून दिला. काय सांगणार होती? मी चोर आहे, पण मला माहीत नव्हतं? त्या चोरीला कलम कुठलं? तिला फक्त एक जाणून घ्यायचं होतं आणि त्याला एकच जागा होती. अंगठा वजा केला तर मागे काही उरतं का.

शनिवारी दोघं न बोलता जिना चढले, आणि आपापल्या बाजूला बसले. तिला बेर्तीचे फक्त बूट दिसले, टेबलाखालून. तिच्या बाजूला पुन्हा ग्रेसिया. पहिले सात डाव तिनं खरंच विचार करून खेळले, घाम फुटेपर्यंत, अकरा वर्षांच्या मुलीसारखं बोटांवर मोजत. तीन जमले, चार चुकले. चुकलेले तिचे होते, जमलेलेही. आठव्या डावात ग्रेसियानं एक बिनहुकमीनं सुरुवात केली, ट्रे पलीकडे गेला, आणि परत आला तेव्हा ओम उतूंची तीन बिनहुकमीची बोली त्यावर होती. ग्रेसियाला आता फक्त पास म्हणायचं होतं. तिनं पासचं कार्ड काढलं. आणि काढता काढता तिची नजर आपल्या पानांतल्या डावीकडून दुसऱ्या गठ्ठ्यावर पडली, तिथं अर्धा क्षण थांबली, आणि तिनं आवंढा गिळला.

फेनीच्या पोटातून ते वर चढलं. तेच. तंतोतंत तेच. ग्रेसिया पानं कशी लावते ते तिनं शेकडो वेळा बघितलं होतं: इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. पोरीकडे बदामला काही नाही. म्हणजे डोकं कधी नव्हतंच. लवंगांच्या अंगणातसुद्धा ती राणी तिनं काकांच्या मानेवरून ओळखली असेल. आत दिवा वगैरे काही नाही. आत ही आहे, ही माणसाच्या अंगाकडे टक लावून बसणारी बाई, जिची तिला जन्मभर लाज वाटली. आणि तरी नियमाच्या पुस्तकात लिहिलं होतं, तिनंच नव्या मुलांना शिकवलं होतं: भिडूच्या चेहऱ्यावरून उचलाल तर चोरी, प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावरून उचलाल तर खुशाल उचला, फसलात तर जोखीम तुमची. पडद्यानं भिडू नेला होता आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, प्रतिस्पर्धी आणून बसवला होता.

तिच्याकडे बदामची दोनच पानं होती, नव्वी आणि तिर्री. किलवरची पाच छान पानं होती, कुणीही किलवर टाकलं असतं. समोर हिरवं कापड होतं. त्याच्यामागे बेर्तीकडे काय आहे, तो कसा बसलाय, काय विचार करतोय, याची तिला तीळभरही कल्पना नव्हती. भीती वाटली. ओळखीच्या घरात दिवे गेल्यासारखी. तिनं बदामची नव्वी टेबलावर ठेवली.

खिडकी उघडली. ओम उतूंनी पानं मांडली, बदामची चार, सगळी बारीक. पलीकडून बेर्तीचा हात आला: बदामचा राजा. मग एक्का, ज्याच्याखाली ग्रेसियाची राणी पडली. मग गुलाम. दश्शी. शेवटी दुर्री, आणि ती दुर्रीसुद्धा हात घेऊन गेली, कारण बदाम कुणाकडे उरलंच नव्हतं. सलग पाच हात. बोली बुडाली.

"तान्ते!" ग्रेसिया कुजबुजली. डोळे विस्फारलेले. "पाच किलवर सोडून?"

पडद्यापलीकडे खुर्ची करकरली. मग बेर्तीचा आवाज आला, हलका, जरासा घाबरलेला, नियम मोडून आलेला:

"फेन... कसं कळलं तुला?"

एकतीस वर्षांत त्यानं हे तिला एकदाही विचारलं नव्हतं.

ओम उतू पलीकडे दटावून म्हणाले, "डाव चालू असताना गप्पा नकोत." पुढचा डाव आला. फेनीनं तेरा पानं उचलली, लावली, आणि उत्तर न देता ती बोलीची कार्डं चाळू लागली.